खेळाडू घडतो तेव्हा घरही जागं असतं

आपल्या पालघर-बोईसरकडच्या घरांत दिवस सूर्यावर नाही, गाडीच्या टायमावर उगवतो. कुणाची गाडी किती वाजता, त्यावर आपला कुकर लागतो. याच गाडीनं जाणारा एक मुलगा भारताच्या संघापर्यंत पोचला, शार्दूल ठाकूर. त्याचे बळी आणि धावा सगळ्यांना पाठ आहेत. मला मात्र त्यामागची घरं मोलाची वाटतात. हो, घरं. कारण ती दोन आहेत.

पहिलं घर माहीमचं. वडील शेतकरी, मुलगा बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरात. क्रिकेटचा खरा सराव मात्र मुंबईत, म्हणजे चर्चगेटपर्यंत सुमारे ९० किलोमीटर! विरारची लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ मध्ये. त्याआधी शटल नाहीतर लांब पल्ल्याची गाडी, आणि खांद्यावर ते भलंमोठं किट. पोरगं पहाटेच्या गाडीला निघतं, तेव्हा घरात कुणीतरी त्याच्याही आधी उठलेलं असतं, हे काय आपल्याला सांगायला हवं?

दुसरं घर बोरिवलीचं. २००६ च्या सुमारास शाळेच्या एका सामन्यात शार्दूलनं बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध ७८ धावा काढल्या. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते दिनेश लाड, रोहित शर्माला घडवणारे. त्यांनी मुलाला आपल्या शाळेत मागितलं. पण घरचे बिचकले. दहावीचं वर्ष तोंडावर, रोजचा एवढा प्रवास, अभ्यास कधी करणार? कुठल्याही आईबापांनी हेच म्हटलं असतं. तेव्हा लाड सरांनी पत्नीशी बोलून मुलाला स्वतःच्याच घरी ठेवून घेतलं. त्यांचा मुलगा सिद्धेशही क्रिकेट खेळणारा, पुढे तोही मुंबईकडून खेळला. वाढत्या वयाचं आणखी एक पोर घरात आणायचं म्हणजे काय, हे कणीक मळणारीलाच कळतं! लाड सरांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यात त्या माउलीचाही वाटा आहे, असं मी मानते. नव्या शाळेकडून खेळताना हॅरिस शील्डमध्ये शार्दूलनं एका षटकात ६ षटकार मारले.

म्हणून लगेच सगळं सुरळीत झालं का? छे! २०१२ मध्ये रणजीत पदार्पण झालं, पण पहिल्या ४ सामन्यांत जेमतेम ४ बळी. वजन कमी कर, असं सचिन तेंडुलकरनं सांगितलं. त्यानं ते मनावर घेतलं. २०१४-१५ च्या मोसमात १० सामन्यांत ४८ बळी घेतले. २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी मिळाली, पण १० चेंडू टाकून दुखापतीमुळे बाहेर! मग थेट जानेवारी २०२१, ब्रिस्बेन. ६७ धावा, सामन्यात ७ बळी आणि भारताचा तो ऐतिहासिक विजय. मार्कांकडे बघून महिन्याभरात 'बंद कर ते खेळणं' म्हणणाऱ्या आपल्या घरांनी ही वर्षं मोजावीत.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. आमच्या महिला मंडळाच्या कामात मी घरोघर जाते. मुलगा मैदानावर गेला तर चहा थांबतो. मुलगी निघाली तर पहिला प्रश्न, "सोबत कोण?" प्रश्न चुकीचा नाही. पहाटेचं स्टेशन मलाही माहीत आहे. पण त्याचं उत्तर शोधायचं असतं, खेळ बंद करायचा नसतो. जेमिमा रॉड्रिग्जच्या घरच्यांनी मुलांच्या खेळासाठी भांडुपहून वांद्र्याला बिऱ्हाड हलवलं. ही मुलगी महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील संघातून हॉकीही खेळली. आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तिनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या.

घर हलवणं आपल्याला जमणार नाही, कबूल. पण चार घरच्या मुली एकत्र लेडीज डब्यातून जाऊ शकतात. आया पाळीपाळीनं सोबत करू शकतात. मुंबईत मावशी, आत्या असेल तर स्पर्धेपुरतं ठेवून घ्या म्हणायला लाजायचं कशाला? आणि शाळेतल्या खेळाच्या सरांना, बाईंना एकदा तरी जाऊन भेटा. मार्कांसाठी भेटतोच की आपण!

नाहीतरी पहाटे आपण उठतोच. एक डबा लेकीच्या किटबॅगेतही जाऊ द्या.