माया ठेवून शिवा

मागल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या सकाळी बाक उचलायला मी वाकलो आणि पाठीमागे ‘टर्र’ असा आवाज झाला. दोन बाक एकदम उचलण्याची ताकद सहा महिन्यांच्या वजनांच्या व्यायामाने अंगात आली होती, याचा मला मोठा अभिमान. त्याच सहा महिन्यांत मांड्या पँटीत मावेनाशा झाल्या आहेत, हे मात्र ध्यानात आले नव्हते. उरलेले संमेलन मी भिंतीला पाठ लावून पाहिले! ती पँट आईने दिवाळीला भिशीच्या पैशांतून घेतलेली. आता घरी काय सांगायचे, हा प्रश्न शिवणीपेक्षा मोठा होता.

आईने पँट उलटी करून पाहिली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “ह्यात माया कुठाय?”

शिवणीच्या आत जादा सोडलेल्या कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. आईने आपले पोलके दाखवले. दोन्ही बगलांत आत इंचभर कापड आणि टाक्यांच्या दोन-तीन ओळी. अंग भरले की आतली ओळ उसवायची, उतरले की आणखी एक ओळ घालायची. त्या एका पोलक्याने तिच्या अंगातले कितीतरी चढउतार निभावले होते. आमच्या शर्टात मात्र बगलेची शिवण दुमडून दुहेरी मारलेली असते. उसवायला आत काही उरतच नाही.

आता अंग नेमके कुठे बदलते ते पाहू. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंच्या सरावाने. स्नायूंचा आकार नंतर हळूहळू वाढतो. म्हणून व्यायामशाळेत नाव घालताच दुकानाकडे धावू नये. वाढते ते सगळीकडे सारखेही नाही. माझी छाती ३४ वरून ३६ झाली, मांडी १९ वरून २१ झाली, कंबर मात्र ३० होती ती ३० च राहिली. रेडीमेड कपडे बेतणाऱ्याच्या हिशेबात असला मनुष्य बसत नाही. मांडीला बरोबर तर कंबरेला ढगळ, कंबरेला बरोबर तर मांडीवर अडकलेली, अशी गत. महिन्यातून एकदा शिंप्याच्या फितीने छाती, खांदा, दंड, मांडी आणि कंबर मोजून वहीत लिहावी. वजनकाट्यापेक्षा ही वही कपड्यांच्या कामी अधिक येते.

पँट घेताना कंबर विसरावी आणि मांडी व बैठक यांच्या मापाने घ्यावी. कंबर मागच्या शिवणीतून आत घेता येते. फार तर दोन इंच, त्यापुढे मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात. मांडी मात्र बाहेर काढायला कापडच नसते. पुढे प्लेट असलेली पँट वाकताना-बसताना मांडीला जागा देते; तिला जुनाट म्हणणाऱ्यांनी घट्ट पँट घालून एकदा बाक उचलून पाहावा. शिवून घेत असाल तर मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया आणि आसनाला दुहेरी टाका, हे कापड कापण्यापूर्वी सांगायचे. माझ्या फाटक्या पँटीला आमच्या गल्लीतल्या शिंपीमामांनी पायाच्या दुमडीतले कापड काढून मागे त्रिकोणी तुकडा बसवला. तीच पँट घालून मी वार्षिक परीक्षा दिली.

शर्टात सगळ्यांत अवघड खांदा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावरून मानेकडे सरकली की तो शर्ट धाकट्या भावाचा झाला असे समजावे. मुंढा काचत असेल तर मात्र उपाय आहे. पूर्ण बाहीचा शर्ट अर्ध्या बाहीचा करायचा आणि उरलेल्या कापडाचा चौकोनी तुकडा काखेत बसवायचा. हात वर केल्याशिवाय तो दिसत नाही. कॉलरचे बटण अर्धा इंच सरकवता येते. त्याहून मान वाढली तर वरचे बटण उघडे ठेवावे, गळा आवळून घेऊ नये.

नवा शर्ट शिवताना बगलेत साधी शिवण आणि आत इंचभर माया मागितली, तेव्हा शिंपीमामा म्हणाले, “दर महिन्याला छाती बदलायला लागलाईस, म्या काय दर महिन्याला शर्ट कापू व्हय?” पण त्यांनी ती ठेवली. कापड पाव मीटरही जादा लागले नाही.

कापडाची निवड इथे महत्त्वाची. आपल्या कोल्हापूरकरांना गांधीनगरची कापडपेठ जवळ आहे. कटपीस घेतला तर शर्टाचे कापड पुष्कळ स्वस्तात पडते. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवावे, नाहीतर अंग वाढण्यापूर्वी शर्टच आटायचा. गडद रंग टाळावा. माया उसवली की आतली न विटलेली पट्टी ठसठशीत दिसते. फिक्या रंगात किंवा बारीक चौकटीत ती लपते. सुती कापडावरची सुईची जुनी भोके धुण्या-इस्त्रीने बरीच बुजतात, टेरिलीनवर राहतात.

आमच्या वर्गातली एक विद्यार्थिनी वेटलिफ्टिंग करते. तिची तक्रार वेगळी. सलवारीला नाडी असल्यामुळे कंबरेचा प्रश्नच येत नाही, कमीजचा मुंढा आणि दंड मात्र चार महिन्यांत आवळतो, आणि त्यात भर म्हणजे घरचे म्हणतात, व्यायाम थांबव. तिने व्यायाम थांबवला नाही. बाह्यांत माया ठेवायला लावली.

वर्षभरात मी दोनच नवे कपडे केले, एक पँट नि एक शर्ट. बाकी उसवून, सरकवून चालवले. मधल्या काळात ढगळ नेहरू शर्टाने मोठी साथ दिली. तालमीतली जुनी पैलवान मंडळी नेहरू शर्ट आणि धोतरावर का राहतात ते तेव्हा कळले. धोतराला मापच नसते. आमच्या एका सरांनी “पुढारी झालास काय?” असे भर वर्गात विचारले, तेवढे सोसले.

यंदा जूनपासून धाकट्या भावानेही वजने उचलायला सुरुवात केली आहे. माझा फिका चौकटीचा शर्ट त्याला ढगळ होतो, म्हणून शिंपीमामांनी बगलेत टाक्यांच्या दोन ओळी वाढवून दिल्या आहेत. पहिली ओळ दिवाळीपर्यंत उसवावी लागेल, असा त्याचा दावा आहे.