कोंबडीची अन्नपिशवी तुंबते तेव्हा

कोंबडीला दात नसतात. टिपलेला दाणा ती अख्खा गिळते आणि तो थेट पोटात न जाता आधी मानेच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजव्या अंगाला असलेल्या एका पातळ, ताणल्या जाणाऱ्या पिशवीत साठतो. अन्ननलिकेचाच फुगवटा असलेल्या या अवयवाला जीवशास्त्राच्या पुस्तकांत अन्नपुट म्हणतात, तर पाळणाऱ्यांच्या तोंडी तो नुसती ‘पिशवी’ असतो. तेथे दाणा भिजतो, मऊ होतो, लॅक्टोबॅसिलस या गटातील उपकारक जीवाणूंमुळे थोडा आंबतो आणि मग थोडाथोडा करून पुढे सरकतो: प्रथम पाचकरस स्रवणाऱ्या ग्रंथिल जठरात आणि त्यानंतर पेषणीत, म्हणजे जाड स्नायूंच्या त्या अवयवात, जेथे कोंबडीने गिळलेले खडे जात्याचे काम करतात. उघड्यावर, घारीच्या आणि मांजराच्या धाकात चरणाऱ्या पक्ष्याला मिळेल ते भराभर टिपून घेता यावे आणि आडोशाला बसून सावकाश पचवता यावे, यासाठी शरीराने केलेली ही सोय आहे.

या सोयीला दिवसाची एक ठरलेली लय आहे. संध्याकाळी खुराड्यात शिरताना निरोगी कोंबडीची पिशवी भरलेली, टणक आणि हाताला सहज लागणारी असते, रात्रभरात ती रिकामी होत जाते आणि पहाटे चपटी व सैल पडलेली सापडते. म्हणून अन्नपिशवीच्या कोणत्याही तक्रारीचे निदान पहाटेच, दाणापाणी देण्याआधी करावे लागते. दुपारी दिसणारा फुगवटा काहीच सांगत नाही, कारण नुकत्याच चरून आलेल्या कोंबडीची पिशवी फुगलेलीच असायची. मात्र रात्री पिशवी भरल्याची खात्री करून कोंबडी वेगळ्या डालग्याखाली ठेवली आणि पहाटे पिशवी तेवढीच भरलेली लागली, तर ती तुंबली आहे असे मानून पुढचा विचार करणे योग्य ठरते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत हा विचार आता पूर्वीपेक्षा अधिक घरांना लागू पडतो. २०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या वर गेली आणि २०१२ च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के होती. गावरान कोंबडीच्या जोडीला गिरीराज, वनराज, कडकनाथ अशा जाती अंगणात आल्या, आणि कराड, सांगली, मिरज यांसारख्या शहरांत बंगल्याच्या मागे दोन-चार कोंबड्या केवळ हौसेने, मुलांनी नावे ठेवून पाळणारी कुटुंबेही दिसू लागली. अशा कोंबडीची किंमत बाजारभावात मोजता येत नाही. ती आजारी पडल्यावर ‘आज रस्सा करून टाका’ हा जुना सल्ला घरात कोणालाच मानवत नाही, आणि उपचाराचा प्रश्न खरोखर उभा राहतो.

तुंबण्याचे सर्वांत सरळ कारण म्हणजे पुढे न सरकणारी वस्तू, आणि ती वस्तू कोणती असेल हे पुष्कळदा गावाच्या पीकपद्धतीवरून ओळखता येते. तासगाव आणि कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात काड्या तारेला बांधण्यासाठी वापरलेल्या सुतळीचे तुकडे वेलीखाली पडून राहतात. वाळवा आणि कराडच्या ऊसपट्ट्यात पाचटाच्या चिवट चिरफळ्या आणि खताच्या पोत्यांचे सुटलेले प्लास्टिकचे धागे अंगणात पसरलेले असतात. पाटणच्या भातपट्ट्यात खुराड्यात अंथरलेला तूसच कोंबड्या भुकेपोटी टिपतात. माण, खटाव, आटपाडी, जत या शाळूच्या मुलखात सुगीच्या दिवसांत खळ्यावर सांडलेला कोरडा दाणा कोंबडी अधाशासारखा खाते आणि वर पाणी पिते, मग तो दाणा आत फुगून पिशवी ताठ होते. पहिल्या पावसानंतर सर्वत्र उगवणारे लांब पात्यांचे गवत, विशेषतः हरळी, आत गुंतून दोरासारखा पीळ पडलेला गोळा तयार करते, आणि धाग्याप्रमाणेच या गोळ्याचे एक टोक पुढच्या जठरात व दुसरे पिशवीत असे अडकून बसते. अशी पिशवी बोटांनी चाचपली असता कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागते.

दुसरा प्रकार याच्या उलट असतो. पिशवी मऊ, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी डुबडुबते, चोचीतून आंबूस वास येतो आणि कधी तोंडात पांढुरका थर दिसतो. यामागे बहुधा कॅन्डिडा ही यीस्ट वर्गातील बुरशी असते, जी निरोगी कोंबडीच्या आतही अल्प प्रमाणात असतेच, पण उपकारक जीवाणूंचा पाडाव झाला की माजते. हा पाडाव अस्वच्छ पाण्याने आणि बुरशी लागलेल्या मक्याने होतो, तसाच तो अँटिबायोटिकने होतो. कोंबडी सुस्त दिसताच औषधाच्या दुकानातून पूड आणून आठवडाभर पाण्यात मिसळत राहण्याची सवय दोन्ही जिल्ह्यांत सर्रास आढळते, आणि त्यातून एका आजारावर दुसरा आजार चढतो. या सवयीविरुद्ध कितीही स्पष्टपणे लिहिले तरी ते कमीच आहे.

घट्ट गोळ्याचा उपचार घरी सुरू करता येतो, मात्र त्याची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी लागते. कोंबडीला इतरांपासून वेगळे, उबदार व अंधुक जागी, खाली काहीही टिपण्यासारखे नसेल अशा डालग्यात ठेवावे आणि घन खाद्य चोवीस तास पूर्ण बंद करावे. पाणी मात्र कधीही तोडू नये, कारण गोळा सैल होण्यास तेच मुख्य साधन आहे. त्यानंतर कोमट पाणी आणि अर्धा चमचा शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल चोचीच्या कडेने थेंबाथेंबाने द्यावे व प्रत्येक थेंब तिने स्वतः गिळला आहे हे पाहूनच पुढचा थेंब सोडावा. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे, तोंडाच्या तळाशी उघडे असते, त्यामुळे सिरिंज दाबून एकदम सोडलेले पाणी पिशवीत जाण्याऐवजी फुप्फुसात जाऊ शकते. काही मिनिटांनी तेल लावलेल्या बोटांच्या पेरांनी गोळा हलकेच चुरावा. ही चोळणी दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि गोळा वर घशाकडे न ढकलता जागच्या जागी सुटा करण्यापुरतीच असावी. द्रवाने भरलेली पिशवी मात्र अजिबात चोळू नये, कारण तेथे दाबाने द्रव उलटा घशात येतो.

कोंबडीला पायांनी धरून उलटी करायची आणि पिशवी दाबून आतले सगळे ओकवायचे, हा जो उपाय वडीलधाऱ्यांकडून सांगितला जातो, तो या आजारापेक्षाही अधिक कोंबड्या मारू शकतो. माणसासारखा छाती व पोट वेगळे करणारा पडदा पक्ष्याला नसतो आणि जोरदार खोकून श्वासमार्ग साफ करण्याची ताकदही नसते, त्यामुळे वर आलेल्या आंबट द्रवाचा थोडासा भाग जरी श्वासनलिकेत शिरला तरी पक्षी हातातच गुदमरतो. क्षणात आराम पडलेला दिसतो म्हणून हा उपाय टिकून आहे; ज्यांच्या हातात कोंबडी दगावली, त्यांनी ती आजारानेच गेली असा समज करून घेतला.

द्राक्षपट्ट्यातील घरांसाठी याहून वेगळा एक धोका आहे. पक्ष्यांच्या बुरशीजन्य आजारात मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, पाण्यातून देण्याची जुनी शिफारस पशुवैद्यकीय ग्रंथांत आढळते, आणि बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद तासगाव परिसरातील शेतकऱ्याच्या घरी सहज हाताशी असते. परंतु त्या शिफारशीतील प्रमाण एका लिटरला अर्धा ग्रॅम एवढे अल्प आहे, तिच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि चिमटीने अंदाजे टाकलेले मोरचूद आतड्याचे अस्तर जाळते. ज्या घरात फवारणीचे प्रमाण एकराच्या आणि टाकीच्या हिशेबाने डोक्यात पक्के बसलेले असते, तेथे दोन किलोच्या पक्ष्यासाठी ते बेतताना चूक होणे स्वाभाविक आहे, म्हणून हा उपाय घरात करूच नये. बुरशीवर निस्टॅटिनसारखे औषध असते; ते पक्ष्याचे वजन पाहून पशुवैद्यकानेच ठरवावे. अशक्त कोंबडीला ताकद यावी म्हणून गुळाचे पाणी पाजण्याचीही रीत आहे, पण साखर हे यीस्टचे आवडते खाद्य असल्याने आंबूस वास येणाऱ्या कोंबडीला गूळ वर्ज्यच मानावा. चमचाभर ताजे दही अपाय करत नाही, तरी ते औषधाची जागाही घेत नाही.

पिशवी तुंबणे हे कधी कधी मूळ दुखणे नसून दुसऱ्याच रोगाची खूण असते. मरेक या विषाणूजन्य रोगात पिशवीची हालचाल घडवणारे मज्जातंतू निकामी होतात, आणि एक पाय पुढे व दुसरा मागे ताणून बसलेली तरुण कोंबडी दिसली तर चोळून काहीही साधणार नाही. या रोगाची लस उबवणी केंद्रात एका दिवसाच्या पिल्लाला देतात. घरी खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्ले मात्र लशीविनाच वाढतात. मानमोडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राणीखेत रोगातही पिशवी द्रवाने भरते, पण त्यात हिरवी पातळ विष्ठा, श्वासाची घरघर आणि वाकडी मान ही लक्षणे एकापाठोपाठ अनेक कोंबड्यांत दिसतात. लासोटा लस पहिल्या आठवड्यात आणि आर-टू-बी लस साधारण आठव्या आठवड्यात दिली असल्यास ही शंका बरीच कमी होते.

चोवीस तासांच्या उपवासानंतर पिशवी सैल झाली, तर ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज किंवा भिजवून मऊ केलेले खाद्य थोडेथोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे व रोज पहाटे पिशवी चाचपावी. सुधारणा नसल्यास, किंवा तुरा फिका वा निळसर पडत असल्यास, छातीचे मधले हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागत असल्यास, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. हे हाड तपासणे फार महत्त्वाचे आहे, कारण तुंबलेली कोंबडी पुष्कळदा खात राहते, बाहेरून पोट भरलेली दिसते आणि पुढे काहीच सरकत नसल्याने आतून उपाशी मरत असते.

अशा वेळी पशुवैद्यक कातडी आणि पिशवी स्वतंत्रपणे छेदून गोळा काढतात, पिशवी धुतात व दोन्ही थर वेगवेगळे शिवतात. वेळेवर झालेल्या या शस्त्रक्रियेतून कोंबड्या चांगल्या सावरतात. हेच काम घरी दाढीच्या ब्लेडने आणि शिवणाच्या दोऱ्याने करणारेही भेटतात. त्यात भूल नसते, दोन थर एकाच टाक्यात ओढले जातात आणि पिशवी कातडीला चिकटून कायमची आखडते. पक्ष्याला वेदना होतात याविषयी शास्त्राला आता शंका उरलेली नाही, आणि तालुक्याला शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना असताना, १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करता येत असताना, सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था असताना ब्लेड हाती घेण्याचे समर्थन करता येत नाही. दवाखान्यात गायी-म्हशींच्या रांगेत एक कोंबडी घेऊन उभे राहण्याचा संकोच पुष्कळांना वाटतो. तो बाजूला ठेवावा. औषध सुरू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हेही तेथेच विचारून घ्यावे.

पुन्हा तुंबू नये यासाठीची काळजी साधी आहे. मुरमाड रानात फिरणाऱ्या कोंबडीला खडे आपोआप मिळतात, पण फरशीवर किंवा जाळीत पाळलेल्या कोंबडीसाठी धुतलेला बारीक मुरूम वेगळ्या वाटीत ठेवावा लागतो. शिंपल्याचा चुरा अंड्याच्या कवचासाठी उपयोगी असला तरी तो जठराच्या आम्लात विरघळतो, त्यामुळे दळण्याच्या कामी येत नाही. मेथी किंवा लसूणघास जमिनीवर न टाकता जुडी बांधून चोचीच्या उंचीवर टांगली, तर कोंबडी लहान तुकडे तोडून खाते. ज्या पिशवीचे स्नायू एकदा ताणून निकामी झाले, ती मात्र लोंबतीच राहते आणि अशा कोंबडीला मऊ खाद्यावर जन्मभर सांभाळावे लागते.

उपचार करूनही कोंबडी दगावली, तर तिला लगेच पुरून न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत बर्फासोबत त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. शवविच्छेदनात आत सुतळी निघाली, जंत निघाले की मज्जातंतूंवर सूज निघाली, यावर खुराड्यातील बाकीच्या पक्ष्यांचे काय करायचे ते ठरते, आणि गरज पडल्यास नमुना पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातो. एकाच दिवशी अनेक कोंबड्या मेल्या असतील तर त्यांना हात न लावता, कोठेही न नेता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यालाच घरी बोलवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची देशातील पहिली नोंद झाली, तेव्हापासून अशा मृत्यूंची खबर देणे शासनाला अपेक्षित आहे.