बोट लागते ती कानाला

कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया किनाऱ्याजवळची एक फेरीबोट. समुद्र खवळलेला, बोट लाटांवर धाडधाड आपटतेय. बोटीवरचे संशोधक एकामागून एक पांढरेफटक पडतायत. आणि तिथेच काही जण आरामात पत्ते कुटत बसलेत!

यातली गंमत अशी की बोट लागल्यावर माणसाचं काय होतं, हे बघायलाच हे संशोधक बोटीवर चढले होते. ज्यांचा अभ्यास करायचा ते ठणठणीत, आणि अभ्यास करणारेच आडवे. शेवटी तो प्रयोगच गुंडाळावा लागला.

पत्ते खेळणारी ही मंडळी होती वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजची. बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठीचं हे फार जुनं आणि नावाजलेलं कॉलेज. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, अंतराळात माणूस जायच्या आधीच, अमेरिकेच्या नौदलातल्या डॉ. अ‍ॅश्टन ग्रेबिएल यांच्या चमूने तिथले अकरा जण निवडले. अंतराळात गेल्यावर माणसाच्या पोटात ढवळेल का, याची सगळ्यांना धास्ती होती ना! मग या अकरा जणांवर एकेक प्रयोग सुरू झाले. त्यातल्या चौघांनी तर मिनिटाला दहा फेऱ्या मारणाऱ्या गोल खोलीत सलग बारा दिवस मुक्काम केला. तिथेच जेवण, तिथेच झोप. आपण पाळण्यातून उतरल्यावर पाच मिनिटं भिंत धरून उभे असतो!

या अकरांपैकी दहा जणांना लहानपणी मेंदूज्वर झाला होता. त्यात त्यांचं ऐकू येणं गेलं, आणि त्याच्या शेजारचा शरीराचा तोल सांभाळणारा भागही निकामी झाला. (सगळ्याच बहिऱ्या माणसांचं असं नसतं बरं का. ऐकण्याचा भाग वेगळा, तोलाचा वेगळा. दोघं शेजारी आहेत एवढंच.) पोट त्यांनाही होतंच की! तरी बोट लागली नाही. म्हणजे आपण उगाच पोटाला बोल लावतो. खरी गडबड कानात असते.

कानात खोलवर, कवटीच्या हाडात, तीन इवल्याशा वळणदार नळ्या असतात. आत द्रव भरलेला. 'हो' म्हणताना मान वरखाली केली की एका नळीतला द्रव हलतो, 'नाही' म्हणताना दुसऱ्या, आणि खांद्याकडे मान कलली की तिसऱ्या.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर एक काचेचा ग्लास अर्धा भरून घ्या. पाणी शांत झालं की वर तुळशीचं छोटंसं पान सोडा. आता ग्लास न उचलता, टेबलावरच, पटकन फिरवा. ग्लास फिरला, पण पान जवळपास जागच्या जागीच! पाणी मागे राहिलं. आता ग्लास फिरवतच राहा. हळूहळू पाणीही फिरायला लागेल, पानही. मग एकदम थांबा. ग्लास थांबला, पान फिरतंच आहे. गोल गोल गिरक्या घेऊन थांबल्यावर घर फिरल्यासारखं का वाटतं, त्याचं उत्तर त्या पानाकडे आहे. तुम्ही थांबलात, पण कानातला द्रव थांबला नाही.

या नळ्यांच्या बुडाशी दोन छोट्या पिशव्याही असतात. त्यांत लिबलिबीत थरावर अगदी बारीक स्फटिक बसलेले असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे. शिंपला ज्याचा बनतो, तेच! आपण वर गेलो, खाली आलो, पुढे ढकललो गेलो की हे स्फटिक जरासे सरकतात आणि मेंदूला खबर जाते. समुद्रावर बोट वरखाली होते तेव्हा सगळ्यात जास्त काम यांनाच.

आता समजा, तुम्ही मुंबईहून गोव्याला निघालेल्या क्रूझवर आहात. केबिनमध्ये गादीवर लोळत मोबाइल बघताय. डोळ्यांना दिसतंय की पलंग, भिंत, मोबाइल, सगळं जागच्या जागी आहे. आणि कान ओरडून सांगतोय, 'अरे, आपण वर चाललोय! आता खाली! आता डावीकडे कललोय!' मेंदूने विश्वास कुणावर ठेवायचा? दोघांची जुंपली की आधी जांभया येतात, मग तोंडाला पाणी सुटतं, गार घाम फुटतो, आणि मग... पुढचं सांगायला नको.

पण लाट कुठलीही असली तरी सारखाच त्रास होतो असं मुळीच नाही. चालताना आपण सेकंदाला साधारण दोनदा वरखाली होतो. त्याने कुणाला मळमळतं का? १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी वरखाली होणाऱ्या बंद खोलीत माणसांना बसवून हे मोजलंच. सगळ्यात वाईट हेलकावा निघाला साधारण पाच सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणारा. आणि समुद्रावर बोटी नेमक्या अशाच संथ डुलतात!

ठीक आहे, डोळ्यांचं आणि कानाचं पटलं नाही. पण म्हणून ओकायचं कशाला? यावर मिशेल ट्रीझमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक तर्क मांडला. पूर्वी रानात राहणाऱ्या प्राण्याचे डोळे आणि तोल एकाच वेळी बिघडले, तर बहुतेक वेळा त्याने काहीतरी विषारी खाल्लेलं असायचं. तेव्हा मेंदूचा नियम साधा: गडबड वाटली की पोट रिकामं कर! बोटी नंतर आल्या, नियम जुनाच राहिला. हा अजून तर्कच आहे, पण मला तो भारी आवडतो. विषाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट ऐका. बोट लागू नये म्हणून मोठी माणसं डॉक्टरांना विचारून कानामागे एक पट्टी चिकटवतात. तिच्यातल्या औषधाचं नाव स्कोपोलामिन. तेच द्रव्य आपल्याकडे उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्यातही असतं! पट्टीत ते मोजूनमापून, अगदी कणभर असतं. धोतऱ्यात किती, याचा काही नेम नाही, म्हणून तो जीव घेतो. त्याला हातसुद्धा लावायचा नाही.

आता उंदराची गंमत. उंदराला ओकताच येत नाही. प्रयोगशाळेत त्याला फिरवून फिरवून बेजार केलं तर तो चक्क माती खातो. पण आपल्या मोरीत चुंचूं करत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री? ती दिसायला उंदरासारखी, पण उंदीर नव्हे. तिला ओकता येतं. १९८० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी तिला पुढेमागे हलवून पाहिलं, आणि ती काही मिनिटांतच ओकली. तेव्हापासून या विषयावरच्या संशोधनात चिचुंद्रीला भलताच मान आहे.

माणसांत सगळ्यात जास्त बोट कुणाला लागते? सांगायला वाईट वाटतं, पण तुम्हालाच! दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा काही होत नाही. सहा ते बारा वर्षांची मुलं सगळ्यात जास्त बेजार होतात, आणि पुढे वाढत्या वयाबरोबर त्रास कमी होत जातो. त्यामुळे क्रूझवर दादा बुफेत तिसऱ्यांदा आइस्क्रीम घेत असेल आणि तुम्ही रिकामी पिशवी धरून बसला असाल, तर त्यात तुमचा काही दोष नाही.

पहिल्या उपायाचं सूत्र साधं आहे: डोळ्यांना तेच दिसू द्या, जे कानाला कळतंय. केबिनमधून उठा, डेकवर जा आणि जिथे आभाळ समुद्राला टेकतं त्या रेषेकडे बघत राहा. मोबाइल आणि पुस्तक बंद. हो, हे मासिकसुद्धा! केबिन निवडता आली तर जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्यायला सांगा. सी-सॉच्या टोकावर बसणारा उंच उडतो आणि मधोमध बसणारा फारसा हलत नाही, तसंच जहाजाचं. मोठ्या क्रूझना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखही असतात. जहाज डावीकडे कलू लागलं की ते पंख त्याला उजवीकडे ढकलतात. पण नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, आणि मागची बाजू आळीपाळीने वरखाली होते, त्यापुढे या पंखांचं फारसं चालत नाही.

गोळी घ्यायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून, आणि बोट सुटायच्या आधी. एकदा मळमळायला लागलं की पोटाचं काम मंदावतं, मग गोळी तिथेच पडून राहते. आलेपाकाची वडी खिशात असू द्या. आल्याने प्रत्येकाला गुण येतोच असं नाही, पण वडी छान लागते, तेव्हा तोटा काहीच नाही. तिखट-तळलेलं खाऊ नका आणि अगदी उपाशीही राहू नका. ओकारी आलीच तर पिशवीत. कठड्यावरून वाकायचं नाही! एक तर ते धोक्याचं, आणि वारा समोरून असेल तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

आणि लाजायचं तर अजिबात नाही. चार्ल्स डार्विन डिसेंबर १८३१ मध्ये बीगल जहाजावर चढला आणि जवळजवळ पाच वर्षं समुद्रावर बोट लागेल तेव्हा झोळीत आडवा पडत राहिला. डॉक्टर असलेल्या वडिलांनी सुचवलेले बेदाणे त्याच्या पोटात टिकायचे. इंग्लंडच्या आरमाराचा सगळ्यात नामांकित सेनापती नेल्सन. जोराचा वारा सुटला की तोही आजारी पडायचा. वर्सोव्याच्या किंवा हर्णेच्या एखाद्या तांडेलाला विचारा, नव्या खलाशाचे पहिले दिवस कसे जातात ते.

बहुतेकांचा मेंदू दोन-तीन दिवसांत शहाणा होतो. 'इथे जमीन हलतेच' हे तो मान्य करून टाकतो आणि कानाच्या तक्रारी मनावर घेत नाही. पंचाईत होते ती उतरल्यावर. गोव्याला धक्क्यावर पाय ठेवला की घट्ट जमीनच डुलायला लागते! अंघोळ करताना डोळ्यांवर साबण असेल तर एका हाताने नळ धरून ठेवा. हे डुलणं काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जातं. आणि तोवर परतीची बोट आलेली असते.