जुना ट्रॅक्टर, नवी बॅटरी आणि तरीही अंधार!

कांदिवलीच्या कारखान्यातून बाहेर पडलेला 'बी-२७५' हा ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या अनेक गावांत आजही गोठ्याशेजारी उभा दिसतो. महिंद्र आणि अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये भागीदारी केली आणि त्यातून या ट्रॅक्टरचे उत्पादन येथे सुरू झाले. नोकरीनिमित्त शहरात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांनी आजोबांची ही आठवण जपून ठेवली आहे. मात्र, हौसेने बाहेर काढलेला ट्रॅक्टर दोन-चार दिवसांत पुन्हा सुरू होईनासा होतो आणि खापर फुटते ते बॅटरीवर. नवी बॅटरी आणली जाते. महिनाभरात तीही मान टाकते. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीत नसून ती भरणाऱ्या यंत्रणेत असतो.

डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगीची गरज नसते. त्यामुळे चार्जिंग बंद पडले, तरी ट्रॅक्टर दिवसभर शेतात बिनतक्रार चालतो. बिघाड कळतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ फिरत नाही तेव्हा. पेरणीच्या तोंडावर असे झाले, तर वाफशाचे मोलाचे तास हातचे जातात.

यंत्रणा चालते कशी?

त्या पिढीच्या अनेक ट्रॅक्टरांवर आजच्यासारखा अल्टरनेटर नसून डायनॅमो असे. फॅन बेल्टवर फिरणारा डायनॅमो वीज निर्माण करतो आणि कंट्रोल बॉक्स तिचे नियमन करतो. या बॉक्समध्ये दोन भाग असतात. रेग्युलेटर व्होल्टेज मर्यादेत ठेवतो, तर कटआउट हा द्वारपालाचे काम करतो. डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा वाढले की तो मार्ग जोडतो, कमी झाले की तोडतो. त्यामुळे इंजिन अगदी मंद चालत असताना चार्जिंगचा दिवा लुकलुकणे हा डायनॅमोच्या बाबतीत दोष मानला जात नाही. वेग वाढवल्यावरही दिवा विझत नसेल, तर मात्र तपासणी आवश्यक ठरते.

सुरुवात सोप्या गोष्टींपासून

साधा मल्टिमीटर जवळ असला, तरी बरेच निदान घरच्या घरी होते. रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन मध्यम वेगात चालत असताना हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. तो चढला नाही, तर चार्जिंग होत नाही. तो सतत १५ च्या वर राहिला, तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतील पाणी उडून जाण्याचा धोका आहे.

यानंतर फॅन बेल्ट पाहावा. सैल किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट घसरतो आणि डायनॅमोला वेगच मिळत नाही. मग बॅटरीची टोके आणि अर्थिंगची पट्टी खरवडून स्वच्छ करावी. रंग आणि गंज यांच्या थरावर कसलेली अर्थिंग वरून घट्ट दिसते, पण वीज अडवते.

दोष डायनॅमोत की बॉक्समध्ये?

लुकास पद्धतीच्या डायनॅमोवर दोन टोके असतात. मोठे टोक 'डी', तर लहान 'एफ'. दोन्ही वायरी काढाव्यात, ही टोके छोट्या तारेने एकमेकांना जोडावीत आणि मल्टिमीटर ती तार व डायनॅमोचे अंग यांमध्ये लावावा. इंजिन मंद गतीने सुरू करून वेग हळूहळू वाढवावा. व्होल्टेज झपाट्याने व न डगमगता वाढले, तर डायनॅमो निर्दोष आहे. आकडा २० व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नये आणि चाचणी काही सेकंदांतच आटोपावी.

आकडा हललाच नाही, तर झिजलेले किंवा अडकलेले कार्बन ब्रश आणि काळवंडलेला कॉम्युटेटर यांवर पहिला संशय घ्यावा. अर्धा ते एक व्होल्टवर काटा थांबला, तर फील्ड कॉइल आणि चार-पाच व्होल्टवर थांबला, तर आर्मेचर संशयास्पद ठरते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरात डायनॅमोचे मूळ चुंबकत्वच नाहीसे झालेले असते. वायरी काढलेल्या अवस्थेत बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची वायर 'एफ'ला क्षणभर स्पर्श करून ते परत आणता येते.

डायनॅमो ठीक निघाला, तर त्याच्यापासून कंट्रोल बॉक्सपर्यंतच्या वायरी तपासाव्यात. उंदरांनी कुरतडलेली वायर हे नेहमीचे कारण. वायरीही धड असतील, तर दोष बॉक्समध्येच आहे. इंजिन बंद असतानाही डायनॅमो गरम होत असेल, तर कटआउटचे पॉइंट चिकटले असून बॅटरी उलट दिशेने रिकामी होत आहे, असे समजावे. अशा वेळी बॅटरीची वायर तत्काळ काढावी. पॉइंटची जुळणी मात्र जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

हे टाळाच

त्या काळच्या अनेक ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असे. नवी बॅटरी बसवताना हे न पाहिल्यास गोंधळ होतो. ज्यांनी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला आहे, त्यांनी वरील चाचणी करू नये. तसेच इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी सवय सोडावी, कारण त्यामुळे अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. भरत असलेल्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ विडी-काडी नको. सर्वांत घातक म्हणजे जमिनीवर उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फची टोके जोडणे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर तो थेट अंगावर येतो.

बॅटरीसाठी काही हजार रुपये मोजण्यापूर्वी अर्धा तास या क्रमाने तपासणी केली, तर अनेकदा ब्रशची जोडी, एखादी वायर किंवा घट्ट केलेला बेल्ट एवढ्यावरच काम भागते.