फास्टॅग, उपग्रह की कॅमेरा? एमपीएससीसाठी टोलची एक बातमी नीट उलगडूया

"१ मे २०२५ पासून फास्टॅग बंद, टोल आता थेट उपग्रहावरून कापणार!" एप्रिल २०२५ मध्ये ही बातमी सगळीकडे फिरत होती. १८ एप्रिलला केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने स्पष्ट केलं की असा कोणताही निर्णय झालेला नाही. ठरलं होतं ते एवढंच, की काही निवडक टोलनाक्यांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आणि फास्टॅग एकत्र वापरून, गाडी न थांबवता टोल घ्यायचा. पहिली ओळ तुमच्या चालू घडामोडींच्या नोट्समध्ये अजून असेल, तर ती आधी खोडा.

भिवंडीत दिवसा गोदामात स्कॅनर चालवायचा आणि रात्री मोबाईलवर एमपीएससीचा अभ्यास करायचा, अशी बरीच मुलं-मुली मला माहीत आहेत. वेळ कमी, म्हणून सगळा भर वन-लायनर पीडीएफवर. पण आयोग हल्ली 'खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?' असं विचारतो. पूर्व परीक्षेत चार चुकीची उत्तरं एका बरोबर उत्तराचे गुण खातात. पाठ केलेली एक ओळ तिथे पुरत नाही. म्हणून आज टोलची ही एकच बातमी घेऊ आणि तिच्यातलं विज्ञान मोकळं करून बघू.

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते, मग तो चालतो कसा?

फास्टॅग म्हणजे आरएफआयडी टॅग. काचेवरच्या त्या स्टिकरमध्ये दोनच महत्त्वाच्या गोष्टी असतात: एक पातळ अँटेना आणि एक बारीकशी चिप. टोलनाक्यावरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो. टॅगचा अँटेना त्यातलीच थोडी ऊर्जा घेतो आणि तेवढ्यावर चिप जागी होते. मग टॅग त्याच लहरी परत पाठवतो, पण आपल्या ओळखक्रमांकानुसार त्या कमी-जास्त करत. रीडर हा बदल ओळखतो. अशा टॅगला 'पॅसिव्ह' टॅग म्हणतात.

भारतात यासाठी साधारण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ही वारंवारता वापरतात. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागलं की तरंगलांबी मिळते, इथे ती सुमारे ३५ सेंटिमीटर येते. हा टॅग काही मीटरवरून वाचता येतो. तुमच्या फोनमधलं एनएफसी मात्र १३.५६ मेगाहर्ट्झवर आणि जेमतेम काही सेंटिमीटर अंतरावर चालतं. म्हणून साध्या फोनने फास्टॅग वाचता येत नाही.

गोदामातला बारकोड आठवा. तो वाचायला प्रकाश लागतो आणि स्कॅनर समोर धरावा लागतो. आरएफआयडीला टॅग दिसायची गरज नसते, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आतूनही तो वाचता येतो. धातू मात्र या लहरींना अडवतो.

आणखी एक गल्लत. फास्टॅगमध्ये पैसे नसतात, फक्त ओळख असते. पैसे बँकेच्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये असतात आणि हा व्यवहार एनपीसीआयच्या व्यवस्थेतून होतो. जून २०२२ मध्ये काच पुसणारा मुलगा घड्याळाने फास्टॅगमधले पैसे काढतो, असा व्हिडिओ व्हायरल झाला होता. एनपीसीआयने तेव्हा सांगितलं की हे शक्य नाही. फास्टॅगचे पैसे फक्त नोंदणीकृत व्यापाऱ्याकडेच जातात, एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जात नाहीत.

उपग्रह तुमच्या गाडीकडे बघत नसतो

जीपीएस किंवा आपलं नाविक म्हटलं की अनेकांना वाटतं, उपग्रह वरून गाडीवर नजर ठेवतो. प्रत्यक्षात उपग्रह फक्त बोलतो आणि रिसीव्हर फक्त ऐकतो. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सांगत राहतो. सिग्नल पोचायला किती वेळ लागला, यावरून रिसीव्हर अंतर काढतो. लांबी, रुंदी, उंची आणि स्वतःच्या घड्याळातली चूक अशा चार गोष्टी शोधायच्या असतात, म्हणून किमान चार उपग्रह लागतात.

घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं तर अंतर ३०० मीटरने चुकतं. आता कळेल की २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ मधल्या स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळाचं एवढं महत्त्व का होतं. पुढचा एनव्हीएस-०२ हा उपग्रह २९ जानेवारी २०२५ ला जीएसएलव्ही-एफ१५ ने गेला. श्रीहरिकोट्यावरून झालेलं ते १००वं प्रक्षेपण. बहुतेक वन-लायनर इथेच संपतात. पण प्रक्षेपण यशस्वी होऊनही हा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. 'प्रक्षेपण यशस्वी' आणि 'मोहीम यशस्वी' ही दोन वेगळी विधानं आहेत.

उपग्रहावर आधारित टोल घ्यायचा, तर गाडीत रिसीव्हर बसवावा लागेल आणि गाडी किती चालली ते मोबाईल नेटवर्कवरून कळवावं लागेल. कॅमेऱ्याची पद्धत याहून वेगळी. तिच्यात नंबरप्लेटचा फोटो काढून सॉफ्टवेअर अक्षरं ओळखतं. प्लेट चिखलाने माखली की तिथे अडचण येते.

एकच तालुका, दोन रस्ते

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. हे आमणे भिवंडी तालुक्यात आहे. याच तालुक्यातून मुंबई–नाशिक राष्ट्रीय महामार्गही जातो.

१५ ऑगस्ट २०२५ ला फास्टॅगचा वार्षिक पास आला: सुरुवातीची किंमत ३,००० रुपये, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांपैकी जे आधी संपेल ते, आणि फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. समृद्धी महामार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा, म्हणजे राज्याचा. त्यामुळे तिथे पास चालत नाही, टोल नेहमीसारखा कापला जातो. काचेवरचा टॅग तोच, त्याचं तंत्रज्ञानही तेच, फक्त रस्त्याचा मालक बदलला. आयोगाला विधानं बनवायला अशीच जागा लागते.

नोट्स काढताना चार रकाने ठेवा

१. काय झालं? तारीख आणि संस्था.
२. त्यामागचं विज्ञान काय?
३. विषय कुणाच्या अखत्यारीत, केंद्र की राज्य?
४. याची गल्लत कशाशी होऊ शकते?

दुसरा आणि चौथा रकाना भरता आला नाही, तर ती बातमी अजून कच्ची आहे असं समजा. पहिला रकाना भरताना पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबीचं मूळ निवेदन उघडून बघा. ते मराठीतही मिळतं, मोबाईलवर वाचायला पाच मिनिटं लागतात. तारखा, आकडे आणि 'प्रस्तावित' की 'लागू' हा फरक तिथेच कळतो.

आता वर न बघता सांगा, कोणती विधाने बरोबर?

(अ) फास्टॅगला स्वतःची बॅटरी असते.
(ब) नाविकमध्ये स्थान काढण्याचं गणित उपग्रह करतो.
(क) फास्टॅगचा वार्षिक पास समृद्धी महामार्गावर चालत नाही.

उत्तर: फक्त (क). (ब) ला हो म्हटलं असेल, तर उपग्रहाचा भाग पुन्हा एकदा वाचा आणि मगच पुढच्या बातमीला हात घाला.