पिल्लाची मान वाकली... म्हणून टाकून देऊ नका!

बदकाच्या पिल्लाची मान वाकडी झाली की आपल्याकडे एकच शब्द कानावर येतो, ‘मानमोडी!’ हा शब्द तोंडातून निघाला की पुढचं सगळं ठरलेलं. पिल्लाला टोपलीतून बाहेर काढायचं, परड्यात एका बाजूला ठेवायचं आणि ‘गेलंच ते’ म्हणून मोकळं व्हायचं. खरं तर मानमोडी हे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचं गावाकडचं नाव. बदकं त्या रोगाला सहसा दाद देत नाहीत. मग त्यांच्या पिल्लांची मान वाकते कशानं? तर कारणं अनेक आहेत, आणि त्यातली काही चक्क आपल्या स्वयंपाकघरातून येतात!

बचत गटांच्या कामानिमित्त मी भातशेतीच्या गावांतून हिंडते. तिथे बदकं पाळणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. खाकी कॅम्पबेल जातीची बदकी चांगली राखली तर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. (ही जात घडवलीही एका बाईनंच, इंग्लंडमधल्या उली गावच्या अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनी!) पण अंडी सुरू व्हायला पाचेक महिने लागतात. तोवर पिल्लू जगवायचं ते बाईनंच. एक वहिनी मला म्हणाल्या होत्या, ‘‘ताई, एक पिल्लू गेलं म्हणजे पोरीच्या वह्या गेल्या बघा.’’ म्हणूनच हा विषय मला लहान वाटत नाही.

मान वाकलेली दिसली की घाबरून न जाता आधी मोजायचं. एकच पिल्लू आहे की अनेक?

एकाच दिवशी बरीच पिल्लं आजारी पडली, मान पाठीकडे ताणून पाय झाडत पटापट मरू लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. महिन्याच्या आतल्या पिल्लांना यकृताचा एक विषाणूजन्य रोग होतो, त्यात असंच घडतं आणि काही तासांत खेळ आटोपतो. बर्ड फ्लूमध्येही मान वाकडी होऊ शकते. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तो आला होता, हे आपण विसरून चालणार नाही. अशा वेळी पिल्लांना उघड्या हातांनी शिवू नका, मुलांना लांब ठेवा, मेलेली पिल्लं ओढ्यात टाकू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

एखाद-दुसरंच पिल्लू असेल, तर मान कशी वाकलीय ते नीट बघा.

डोकं मागे पाठीला टेकलंय, जणू आभाळातले तारे मोजतंय? मग ‘ब-१’ जीवनसत्त्व कमी पडल्याची शंका घ्यावी. मान एका बाजूला पिळल्यासारखी, चालताना तोल जातोय, कोलांट्या खातंय? तर ‘ई’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मान ओल्या फडक्यासारखी लुळी पडून जमिनीला टेकलीय? मग सडक्या घाणीतलं किंवा अळ्यांमधलं विष पोटात गेलं असेल. डबक्याचं पाणी आटू लागलं की हा धोका वाढतो. डोळ्यांतून-नाकातून पाणी, हिरवट विष्ठा आणि डोकं थरथरतंय? तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्याला डॉक्टरांचंच औषध लागतं. घरात उरलेली माणसांची गोळी कुटून घालू नका हो!

आता जरा खाण्याकडे बघू. पिल्लांना आपण काय घालतो? पांढऱ्या तांदळाचा उरलेला भात. पॉलिश करताना तांदळातलं ‘ब’ जीवनसत्त्व कोंड्यात निघून जातं. मग कोंडा घालावा, तर तो पटकन खवट होतो आणि खवटपणात ‘ई’ जीवनसत्त्व नष्ट होतं. माशांची कच्ची आतडी घालतो, पण काही माशांत ‘ब-१’चा नाश करणारं द्रव्य असतं. मासळी उकळून घातली की ते निकामी होतं. आणि बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड? ती तर विषच! १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीनं एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. बदकांची पिल्लंही त्यात गेली. या विषापुढे बदकाचं पिल्लू फार नाजूक असतं. बुरशी धुऊन किंवा उन्हात वाळवून विष जात नाही, पेंड फेकूनच द्यावी लागते.

त्या वहिनींकडची तीन पिल्लं अशीच आभाळाकडे बघत पडली होती. घरचे म्हणाले, ‘‘दे टाकून.’’ वहिनींनी मात्र ती पदराखाली घेऊन थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ‘ब-१’चं इंजेक्शन दिलं, थेंब लिहून दिले. दुसऱ्या दिवशी दोघांनी माना सावरल्या. तिसरं वाचलं नाही. उशीर झाला की असं होतं. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर फरक आणखी सावकाश पडतो, आणि मेंदूला इजा झाली असेल तर मान कायमची वाकडीही राहते.

औषधाइतकीच शुश्रूषा महत्त्वाची. आजारी पिल्लू वेगळ्या खोक्यात ठेवा, नाहीतर बाकीची त्याला तुडवतात. कापडाची गुंडाळी करून मानेला दोन्ही बाजूंनी आधार द्या. मान ओढून सरळ करायला जाऊ नका. खोलगट भांडं ठेवू नका, तोल जाऊन पिल्लू इंचभर पाण्यातही बुडतं. चोच धरून, थोडं थोडं पाणी चोचीच्या कडेला लावा. घशात ओतलं तर ते श्वासनळीत जातं. खाणं ओलसर करून दर दोन-तीन तासांनी भरवा आणि ऊब सांभाळा. जीवनसत्त्वाचे थेंब वजनानुसार डॉक्टरांना विचारून द्यावेत. सेलेनियम तर स्वतःच्या मनानं अजिबात देऊ नका, जास्त झालं तर तेच घातक ठरतं.

आणखी एक. बदकाच्या पिल्लाला ‘नायसिन’ हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. ते कमी पडलं तर पाय वाकतात. म्हणून नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर भिस्त ठेवू नका. खाद्यात सुकं यीस्ट मिसळा.

सकाळी टोपली पहिल्यांदा उघडते ती घरातली बाई. वाकलेली मान तिलाच आधी दिसते. त्याच वेळी तिनं तीन प्रश्न विचारावेत : किती पिल्लं? मान कशी वाकलीय? काल काय खाल्लं? उत्तरं मिळाली की दवाखान्यात काय सांगायचं तेही कळतं. त्यासाठी शिक्षण नाही, फक्त लक्ष लागतं. आणि ते तर आपण बायका पोरांपासून पाखरांपर्यंत सगळ्यांकडे देतच असतो, नाही का?