पाणी स्वच्छ दिसते, पण असते का?

पावसाळा सुरू झाला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील दवाखान्यांत जुलाब-उलट्या, कावीळ, टायफॉइड आणि डेंग्यूचे रुग्ण वाढू लागतात. ‘पाणी कुठले पिता?’ असे डॉक्टरांनी विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘नळाचेच, अगदी स्वच्छ असते.’ म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसते, एवढेच. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते मुलांनी सातवी-आठवीच्या पुस्तकात वाचलेले असते. पण स्वतःच्या घरातले पाणी तपासून पाहिलेले नसते.

ही उणीव भरून काढण्याचे काम स्वयंसेवी संस्था करत आहेत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद हा उपक्रम १९९३ पासून देशभर चालतो. १० ते १७ वयोगटातील मुले लहान गट करून आपल्या परिसरातला एखादा प्रश्न निवडतात, पाहणी करतात, नोंदवही ठेवतात आणि निष्कर्ष मांडतात. महाराष्ट्रात या परिषदेच्या संयोजनाचे काम ठाण्यातील जिज्ञासा ट्रस्टने वर्षानुवर्षे केले. पर्यावरण दक्षता मंडळ ही ठाण्यातीलच संस्था पर्यावरण शिक्षणात कार्यरत आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे गावोगावचे विभागही स्थानिक स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. वर्गात पन्नास-साठ मुले आणि डोक्यावर अभ्यासक्रम, अशा स्थितीत एकट्या शिक्षकाला प्रत्येकाच्या हातून प्रयोग करून घेणे जमत नाही. तिथे निवृत्त अभियंता, गृहिणी किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी मदतीला आला की चित्र बदलते.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी चाचणी मांडली. बाटलीत विशिष्ट रसायने शोषलेला कागद असतो. तिच्यात पाणी भरून ती उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. पाण्यात मैला मिसळला असेल तर त्यासोबत येणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याचा लोहाच्या क्षाराशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. मुलांनी तीन बाटल्या भरायच्या: एक पालिकेच्या जोडणीतून थेट, दुसरी गच्चीवरच्या टाकीतून, तिसरी स्वयंपाकघरातल्या पिंपातून. पहिली स्वच्छ राहिली आणि दुसरी काळी पडली, तर संशय टाकीवर जातो. टाकी शेवटची कधी धुतली, झाकण बसते का, हे प्रश्न मग मुलेच सोसायटीच्या सचिवांना विचारतात.

या चाचणीच्या मर्यादाही मुलांना सांगायला हव्यात. बाटली काळी पडली तर पाणी प्रयोगशाळेत पाठवावे. ती काळी पडली नाही म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही, कारण काविळीचे विषाणू या चाचणीत कळत नाहीत. शंका असेल तेव्हा पाणी उकळूनच प्यावे. वापरलेल्या बाटलीत जंतू वाढलेले असतात, म्हणून ती ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने निर्जंतुक करूनच टाकायची आणि हे काम मोठ्यांनी करायचे.

डासांचा प्रयोग याहून सोपा आहे. कुंडीखालच्या बशीतल्या, फ्रिजच्या मागच्या ट्रेमधल्या पाण्यातल्या अळ्या बरणीत घेऊन तोंडाला बारीक जाळी बांधायची आणि रोज पाहायचे. अळीचा कोष होतो, कोषातून डास निघतो. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा पाळायचा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा पाणी नुसते ओतून न देता भांडे घासायला हवे. निरीक्षण संपले की जाळी न काढता बरणीत साबणाचे गरम पाणी ओतायचे.

हवेची गोष्ट अधिक अवघड. डोंबिवलीने २०१४ मध्ये हिरवट पाऊस पाहिला आणि २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला गुलाबी रस्ता. तेव्हा सगळेच चकित झाले. पण फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या अडीच मायक्रॉनच्या कणांना ना रंग दिसतो ना आकार. खिडकीत व्हॅसलिन लावलेले पांढरे कार्ड टांगले तर त्यावर जाड धूळ चिकटते. रस्त्याकडची आणि मागच्या अंगणाकडची खिडकी यांतला फरक मुलांना कळतो. सूक्ष्म कणांसाठी मात्र यंत्रच लागते, हेही कळते. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आकडे वाचण्यात त्यांना अर्थ वाटू लागतो.

या कामात एक धोका आहे. बक्षिसाच्या ओढीने मोठी माणसेच प्रकल्प तयार करतात आणि मूल फक्त पाठ करून बोलते. चांगला स्वयंसेवक उत्तर सांगत नाही. ‘तू कशावरून म्हणतोस?’ एवढे विचारून तो थांबतो. अंदाज चुकला तरी तो नोंदवहीत तसाच राहू देतो.

औषधाने आजार बरा होतो, पण दूषित टाकी तशीच राहिली तर रुग्ण पुन्हा येतो. ते टाळायचे तर आठवड्यातला एक तास शाळेला द्यावा. सोसायट्यांनीही एखाद्या रविवारी मोठ्यांच्या सोबतीने मुलांना गच्चीवर जाऊ द्यावे. टाकीत काय आहे ते ती नक्की शोधून काढतील.